पांगाऱ्याची फळी

होळी पेटली की आमच्याकडचा नाटकांचा हंगाम उतरणीला लागतो. दिवाळीनंतरच्या मंडई नावाच्या जत्रांपासून सुरू झालेली झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाची, रंगभूमी चार महिने रात्रभर जागी असते. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, पहाटे चहा आणि पुढच्या गावाचा रस्ता असा तिचा क्रम असतो. मग एका पहाटे शेवटच्या प्रयोगाचे पडदे उतरवले जातात, बांबूवर गुंडाळून सुतळीने बांधले जातात आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या एका खोलीत उभे करून ठेवले जातात. तेव्हापासून धानाचे पऱ्हे, म्हणजे भाताची रोपे, टाकण्याचे दिवस येईपर्यंत जो मोकळा काळ मिळतो, तो गेली सहा वर्षे आम्ही पाच मित्र समुद्रासाठी राखून ठेवत आलो आहोत. आमच्यातला एक जण नाटकांचे पडदे रंगवतो, एक ऑर्गन वाजवतो, एक सुतार आहे, एक मैत्रीण रंगमंचावर काम करते, आणि मी चार एकर धान करतो व उरलेल्या वेळात नाटके लिहितो. वैनगंगेच्या काठी वाढलेल्या या माणसांनी फळी घेऊन लाटेवर उभे राहण्यासाठी, म्हणजे सर्फिंगसाठी, दरवर्षी जवळपास आठशे किलोमीटरचा रस्ता का तुडवावा, हे एकदा नीट लिहून काढावे असे बरेच दिवस मनात होते.

सुरुवात एका पडद्यापासून झाली. माझ्या एका नाटकात समुद्रकाठच्या कोळ्याच्या घरातला प्रवेश होता आणि त्यासाठी मागे समुद्र हवा होता. आमच्या चित्रकाराने तोवर वाडा, जंगल, देऊळ आणि शहरातला रस्ता असे कितीतरी पडदे रंगवले होते. समुद्रही रंगवला होता, पण तो कॅलेंडरवरच्या चित्रावरून. सगळ्या लाटा एकाच उंचीच्या आणि कोंबड्याच्या तुऱ्यासारख्या कातरलेल्या. या वेळी मात्र त्याने कापड ताणून बांधले, सरस कढवला, निळा रंग कालवला आणि ब्रश बाजूला ठेवला. ‘म्या समुद्र पायलाच नाही गा, तं काढू कसा?’ एवढेच तो म्हणाला. चाळिशीला आलेल्या, हयातभर दृश्ये रंगवणाऱ्या माणसाचे ते वाक्य मला लागले. आठ दिवसांनी मंडळीची जुनी जीप घेऊन आम्ही विशाखापट्टणमच्या रस्त्याला लागलो.

तिथल्या ऋषिकोंडा किनाऱ्यावर आम्ही पहाटे पोहोचलो. चित्रकार ओल्या वाळूवर उकिडवा बसला आणि उन्हे वर येईपर्यंत तसाच बसून राहिला. लाट निळी नसते, हे त्याने आम्हाला त्या सकाळी दाखवले. तिच्या पायथ्याशी वाळू मिसळलेला मातकट रंग असतो, पोटाशी गडद हिरवा असतो, आणि कडेला, फुटण्याच्या आधीच्या एका क्षणी, पाणी इतके पातळ होते की मागचा उजेड त्यातून आरपार येतो; तेव्हा ती कड कोवळ्या पऱ्ह्यांच्या रंगाची दिसते. तो रंग त्याने पुढे पडद्यावर आणलाही. त्याच सकाळी, त्या हिरव्या कडेखालून, एक चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा फळीवर उभा राहून तिरपा घसरत आला आणि आमच्यापासून वीस पावलांवर पाण्यात उतरला. तो मच्छीमारांच्या वस्तीतला होता. त्याला हिंदी थोडी येत होती, आम्हाला तेलुगू अजिबात येत नव्हती. तरी दुपारपर्यंत आमची अभिनेत्री त्याच्याकडून फळीवर पालथे पडून वल्हवायला शिकत होती.

भारतात हा खेळ पुष्कळसा अशाच मुलांनी उचलून धरला आहे. कर्नाटकात मुल्कीला २००४ साली मंत्र सर्फ क्लब सुरू झाला. तमिळनाडूत कोवलम आणि महाबलीपुरम इथे मच्छीमार कुटुंबांतली मुले आधी स्वतः शिकली आणि मग इतरांना शिकवू लागली. मूळची मुंबईची असलेली इशिता मालविया ही देशातली पहिली व्यावसायिक महिला सर्फर मानली जाते. तिने कर्नाटकातल्या कोडी बेंगरे या गावी शाळा उभी केली. आमची मैत्रीण हे नाव फार आदराने घेते. रोज रात्री हजारो डोळ्यांसमोर उभी राहणारी ती बाई पाण्यात गेल्यावर पहिल्यांदा म्हणाली होती की, इथे समोर बघणारे कोणी नाही, फक्त मागून येणारी लाट आहे, आणि तिला माझ्या चेहऱ्याशी काही देणेघेणे नाही.

परत आल्यावर सुताराने फळीचा ध्यास घेतला. शहरात मिळणारे फोमचे आणि फायबरचे बोर्ड आमच्या ऐपतीबाहेरचे होते, हे एक कारण झाले; पण खरे कारण असे की लाकडाची गोष्ट विकत घ्यायची हे त्याच्या स्वभावात बसत नव्हते. आमच्या जिल्ह्यात लाकूड म्हटले की आलापल्लीचे साग डोळ्यांपुढे उभे राहतात, आणि साग जड. त्याने माझ्याकडे चौकशी केली की, ज्यांनी हा खेळ सुरू केला ते कशाच्या फळ्या करत होते. मी शोधू लागलो आणि हवाईच्या बेटांवर जाऊन पोहोचलो. कॅप्टन कुकच्या सफरीतल्या गोऱ्या खलाशांनी तिथे १७७९ साली लोकांना लाटांवरून घसरताना पाहून ते लिहून ठेवले, पण हवाईचे लोक त्याआधी कित्येक पिढ्या हे करत होते आणि त्यांच्या भाषेत त्याला ‘हेए नालू’ असे नाव होते. सरदारांच्या लांब फळ्यांना ‘ओलो’ म्हणत आणि त्या विलीविली नावाच्या अतिशय हलक्या लाकडाच्या असत. हे विलीविली म्हणजे कोणते झाड, हे पाहू गेलो तर ते एरिथ्रिना प्रजातीतले निघाले. आपला पांगाराही त्यातलाच.

मी हे सांगितले तेव्हा सुतार बराच वेळ गप्प राहिला. पांगारा आमच्याकडे लाकडात मोजत नाहीत. तो कुंपणाला लावतात, उन्हाळ्याच्या तोंडावर त्याची लाल फुले बघतात आणि त्याची फांदी मोडली तर जळणालाही फारशी उपयोगी नाही म्हणून सोडून देतात. सुताराच्या काकांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक जुना पांगारा वादळात आडवा झालेला होता. त्याचे खोड चिरून त्याने दोन फळ्या काढल्या, सावलीत दगडांच्या ओझ्याखाली तीन महिने सुकवल्या आणि मधोमध जोडून पाच फूट लांबीची व दीड फूट रुंदीची एक फळी तयार केली. रंधा तिच्यावरून फिरताना सागासारखी कुरळी, तेलकट साल निघत नव्हती. भुसभुशीत पांढरे तुकडे उडत होते आणि ओल्या भाकरीसारखा वास येत होता. कडा त्याने कानशीने गोल केल्या, पुढचा भाग किंचित वर उचलला आणि शेवटी गरम केलेले जवसाचे तेल तळव्याने चोळले. पहिल्या दिवशी पाव किलो तेल लाकडाने पिऊन टाकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच. पाचव्या दिवशी तेल वर तरंगू लागले तेव्हा तो म्हणाला की, आता तिची तहान भागली. पाय घसरू नये म्हणून वरून लावायचे मेणही विकतचे नाही. मोहोळाचे मेण, राळ आणि थोडे खोबरेल एकत्र वितळवून आम्ही ते करतो, आणि एप्रिलच्या उन्हात ते टिकावे म्हणून राळ जरा जास्त घालतो.

ड्यूक कहानामोकू या हवाईच्या जलतरणपटूची गोष्ट मी त्याला ती फळी घडत असतानाच सांगितली. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलेला हा माणूस १९१४-१५ च्या तिकडच्या उन्हाळ्यात सिडनीला गेला, तेव्हा त्याच्याजवळ स्वतःची फळी नव्हती. त्याने तिथेच पाइनचे लाकूड मिळवून फळी घडवली आणि फ्रेशवॉटरच्या किनाऱ्यावर तिच्यावर उभा राहून लोकांना लाट कशी घ्यायची ते दाखवले. ती फळी तिथे अजून जपून ठेवली आहे. सुताराला पदकापेक्षा हे महत्त्वाचे वाटले की, परक्या गावात जाऊनही त्याने मिळेल त्या लाकडाला हात घातला.

आमचा रस्ता ठरलेला आहे. वडशाहून कुरखेडा, कोरची करत देवरीला मोठ्या हमरस्त्याला लागायचे, तिथून राजनांदगाव, दुर्ग, धमतरी, कांकेर. पुढे केशकालचा घाट चढून कोंडागाव आणि रात्री जगदलपूर. दुसऱ्या दिवशी कोरापूटच्या डोंगरांमधून साळूरचा घाट उतरायचा आणि विजयनगरमवरून समुद्र गाठायचा. फळी जीपच्या टपावर पडद्यांच्याच दोऱ्यांनी बांधलेली असते. केशकालच्या वर एका टपरीवरची म्हातारी दरवर्षी तिच्याकडे बघून विचारते की, कोणाच्या घराचे दार नेता, आणि घर अजून बांधून झाले नाही का. साळूरचा घाट उतरताना संध्याकाळी ऑर्गनवाला हमखास गुणगुणू लागतो, आणि चार महिन्यांच्या जाग्रणांनी सुजलेले आमचे चेहरे मोकळे होत जातात. नाटकाच्या दिवसांत आम्ही एकमेकांशी फक्त कामाचे बोलतो. मानधन, गाडी, वेळ, माइक यापलीकडचे जे काही आम्हाला एकमेकांविषयी ठाऊक आहे, ते सगळे या रस्त्यावर कळलेले आहे.

लाटेविषयी मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट ही वाटते की ती जिथे फुटते तिथली नसते. तिचा जन्म वाऱ्यातून होतो. वारा किती जोराचा, किती वेळ आणि पाण्याच्या किती लांब पट्ट्यावरून वाहिला, यावर तिचे आकारमान ठरते. पिकलेल्या धानावरून वारा धावतो तेव्हा बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या, एका धुऱ्याकडून दुसऱ्या धुऱ्याकडे लाट जाते, पण लोंब्या आपल्या जागीच राहतात; समुद्रातही पाणी जवळपास जागच्या जागी गोल फिरते आणि पुढे जाते ते फक्त वाऱ्याने दिलेले बळ. हे बळ किती दूर जाऊ शकते, ते वॉल्टर मंक या शास्त्रज्ञाने १९६३ साली मोजून दाखवले. अंटार्क्टिकाच्या बाजूच्या वादळांतून निघालेल्या लाटा त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रशांत महासागरातल्या एकामागून एका ठिकाणी नोंदवत थेट अलास्कापर्यंत गाठल्या. लाटांची इतकी सखोल ओळख असलेला हा माणूस १९१७ साली जन्मला तो व्हिएन्ना शहरात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. हे वाचले तेव्हा मला, का कोण जाणे, आपल्या बाजूचे कोणीतरी भेटल्यासारखे वाटले.

बंगालच्या उपसागरातही अशा दूरच्या लाटा येतात. आपल्याकडे नाटके संपतात त्याच सुमारास दक्षिण गोलार्धात थंडीकडे वाटचाल सुरू होते आणि दक्षिण महासागरातली वादळे जोर धरू लागतात. हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्र सरकारच्या संस्थेचा सागरी अंदाज मी मार्चपासून रोज बघतो. त्यात लाटेची उंची असते, दिशा असते आणि दोन लाटांमधले सेकंदही असतात. सेकंद जितके जास्त, तितकी लाट दुरून आलेली. चौदा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटांचा थवा दिवसाला साधारण साडेनऊशे किलोमीटर चालतो. म्हणजे दक्षिणेच्या वादळातून निघाल्यावर त्याला आमच्या किनाऱ्यापर्यंत यायला आठवडा लागतो. आम्हाला दोन दिवस लागतात. ती निघाल्यानंतर आम्ही निघतो आणि तिच्या आधी पोहोचतो.

तिसऱ्या वर्षी मात्र आम्ही पोहोचलो आणि ती आलीच नाही. समुद्र आमच्या गावाकडच्या मामा तलावासारखा निपचित पडून होता. लाटांची दिशा जराशी पश्चिमेकडे झुकलेली होती आणि श्रीलंकेच्या आडोशात त्या अडल्या, हे मला नंतर उमगले. तेव्हा एवढेच कळत होते की जीपच्या डिझेलला पैसे घातले आहेत आणि परतायला चार दिवस उरले आहेत. पहिल्या दिवशी आम्ही दर तासाला किनाऱ्यावर जाऊन बघत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मच्छीमार ओढजाळ काढत होते, कोकणात ज्याला रापण म्हणतात तसे. तिथे हात कमी पडत होते म्हणून सुतार आणि मी दोरावर उभे राहिलो. दोर खांद्यावर घेऊन मागे मागे चालताना एका म्हाताऱ्याने माझे पाय वाळूत कसे रोवायचे ते खुणेने दाखवले, आणि जाळे आल्यावर आमच्या वाट्याला मूठभर मासळी टाकली. अभिनेत्री पाण्याच्या कडेने चालत पुढच्या नाटकातली भाषणे म्हणून बघत होती. चित्रकाराने सपाट समुद्राची अकरा चित्रे काढली आणि त्यांतली कोणतीही दोन सारखी नव्हती. ऑर्गनवाला डोळे मिटून वाळूवर पडलेला असायचा. किनाऱ्याला लागणाऱ्या बारीक लाटांमधल्या मात्रा तो मोजत होता. त्या वर्षीपासून त्याच्या वादनात एक बदल झाला आहे, तो मला लेखक म्हणून फार मोलाचा वाटतो. करुण प्रसंगात पूर्वी तो लगेच सूर धरायचा. आता वाक्य संपल्यावर थांबतो, प्रेक्षक श्वास घेईपर्यंत थांबतो, आणि मग एकच पट्टी दाबतो.

त्या रिकाम्या दिवसांतच मला उमजले की आम्ही इथे कशासाठी येतो. वाट बघणे आम्हाला नवीन नाही. विदर्भातला शेतकरी जन्मापासून वाटच बघत असतो: मृगाची, रोवणीच्या पाण्याची, विकलेल्या धानाच्या चुकाऱ्याची. पण त्या प्रत्येक वाट बघण्याच्या पोटात भीती असते. पऱ्हे टाकले आणि पावसाने ताण दिला, तर बियाणे जाते, त्यासाठी काढलेले पीककर्ज अंगावर राहते, आणि दुबार पेरणीला पैसा कुठून आणायचा या विचाराने रात्री डोळा लागत नाही. आकाशाकडे बघणारा माणूस आमच्याकडे आकाश बघत नसतो; तो हिशेब बघत असतो. लाटेची वाट बघताना मी आयुष्यात पहिल्यांदा अशी वाट बघत होतो, जिच्यावर कोणाचे कर्ज नव्हते.

परत आल्यावर बाबांनी विचारले, ‘तेथी जाऊन का भेटते गा तुमाले?’ मी सांगितले की या वेळी काहीच भेटले नाही, लाटच आली नाही.

‘मंग?’

‘मंग वापस आलो, बाबा.’

‘नुकसान?’

‘काही नाही.’

बाबा खाटेवर बसले होते. सत्तर पावसाळे मोजलेला हा माणूस बराच वेळ अंगणाकडे बघत राहिला. मग त्यांनी हळूच विचारले की, पुढच्या वर्षी जीपमध्ये आणखी एक माणूस मावतो का. तेव्हापासून बाबा आमच्यासोबत येतात, पाण्यात उतरत नाहीत, धोतर गुडघ्यापर्यंत घेऊन वाळूवर बसतात आणि दिवसभर येणारे पाणी बघतात.

समुद्राला गृहीत धरू नये, हेही लिहायला हवे. ऋषिकोंडाला आणि त्या सगळ्याच किनाऱ्यावर पाण्याचे चोर ओढे आहेत. फुटलेल्या लाटांचे पाणी परत जाताना एखाद्या चिंचोळ्या वाटेने जोरात आत खेचते, आणि तिथे वरून समुद्र उलट शांत दिसतो. चौथ्या वर्षी मी अशा ओढ्यात सापडलो. किनारा दिसत होता, मी त्याच्याकडे जीव खाऊन पोहत होतो आणि तो दूर जात होता. हात गळून आले तेव्हा लहानपणी वैनगंगेत पोहायला शिकवणाऱ्या ढिवर आजोबांचे बोल आठवले: ‘धारेसंगं भांडाचा नाही गा.’ मी भांडणे सोडले, फळीला मिठी मारली, किनाऱ्याला समांतर असा बाजूला सरकत गेलो आणि जिथे लाटा फुटत होत्या तिथून त्यांनीच मला किनाऱ्याला आणले. तेव्हापासून जीवरक्षकाला विचारल्याशिवाय आमच्यातले कोणी पाण्यात पाऊल टाकत नाही.

पाण्यातले शिष्टाचारही आम्ही शिकलो. लाट जिथून फुटायला सुरुवात होते, त्या टोकाच्या सर्वांत जवळ जो असेल त्याची ती लाट. बाकीच्यांनी हात आवरायचे. आमच्या अभिनेत्रीला हे समजावून सांगावे लागले नाही. स्वगत एकाचे चालू असताना दुसऱ्याने रंगमंचावर यायचे नसते, एवढेच ती म्हणाली. गेल्या वर्षी एप्रिलच्या एका पहाटे, जमिनीवरून वारा समुद्राकडे वाहत असताना आणि त्याने लाटांचे तोंड गुळगुळीत धरून ठेवले असताना, ती त्या पांगाऱ्याच्या फळीवर सहा-सात सेकंद पूर्ण ताठ उभी राहिली. इतक्या आखूड लाकडी फळीवर उभे राहणे किती अवघड असते, हे ज्यांनी करून पाहिले आहे त्यांनाच कळेल. मागे लाटेची कड कोवळी हिरवी झाली होती. चित्रकाराच्या हातात कागद होता, पण त्याने काहीच काढले नाही. तो नुसता बघत होता.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधल्या लाटांच्या स्पर्धा पॅरिसपासून १५ हजारांहून अधिक किलोमीटर दूर, ताहितीच्या तेआहुपोओ गावात झाल्या. आम्ही त्या सुताराच्या ओसरीत मोबाइलवर पाहिल्या. रोवणी चालू होती, चिखलाने भरलेले पाय तसेच घेऊन शेजारची दोन-तीन माणसेही बसली होती, आणि ज्या शहराच्या नावाची स्पर्धा आहे त्या शहरालाही लाटेपर्यंत जावे लागते, हे पाहून सुतार खूप समाधानाने हसला.

ती पहिली फळी आता थकली आहे. पांगाऱ्याला कीड लवकर लागते. जवसाचे तेल दर महिन्याला चोळूनही यंदाच्या पावसाळ्यात जोडाच्या कडेला बारीक छिद्रे पडली, आणि टकटक केले तर आतून पोकळ आवाज येतो. सुताराने ती आढ्याला टांगून ठेवली आहे. पण तीन वर्षांपूर्वी, ती शाबूत असतानाच, त्याने आपल्या शेताच्या धुऱ्यावर पांगाऱ्याचे सहा खुंट रोवले होते. त्यातला एक गुरांनी खाल्ला. उरलेले पाच फुटले आहेत. परवा मी तिकडून जात होतो तेव्हा तो बुंध्याला सुतळी गुंडाळून घेर बघत होता, आणि मागच्या वर्षीची गाठ व या वर्षीची गाठ यांच्यातले अंतर बोटांनी मोजत होता. चार बोटे भरले. फळीइतके खोड व्हायला अजून किती वर्षे लागतील, असे मी विचारले नाही, आणि त्यानेही सांगितले नाही. त्याने सुतळीला नवी गाठ मारली आणि ती खिशात ठेवली.